दोन कहाण्या आणि एक बोंड

पणतीत घालायच्या वाती घरी वळायच्या की बाजारातून आणायच्या, हा प्रश्न आमच्या घरी दर दिवाळीला निघतो आणि दर दिवाळीला माझी पत्नीच तो निकालात काढते. वाती घरीच वळल्या जातात. त्यासाठी लागणारा कापूस यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या आतेभावाच्या शेतातून येतो. वसुबारसेच्या आधी चार दिवस एक पिशवी येते; तिच्यात नुकताच वेचलेला, सरकीसकट कापूस असतो. सरकी वेगळी करण्याचे काम घरातल्या रिकामटेकड्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे. गेली काही वर्षे ते काम करताना एक विचार मला अस्वस्थ करतो. बोटांत धरावी तर निसटून जाईल अशी ही इवलीशी बी. पण गेल्या वीस-बावीस वर्षांत हिच्याविषयी जेवढे लिहिले गेले तेवढे मराठीतल्या एखाद्या गाजलेल्या कादंबरीविषयीही लिहिले गेले नसेल. आणि एवढे लिहून झाले तरी त्या लेखनाचे परीक्षण म्हणून कोणी केलेले नाही.

मी शेतीतज्ज्ञ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. माझा धंदा पुस्तके वाचण्याचा आणि त्यांच्यातले बरेवाईट निवडण्याचा. पण बीटी कापसावरचे अहवाल, पत्रके, अग्रलेख, भाषणे हीही शेवटी लेखनेच आहेत. त्यांनाही नायक असतो, खलनायक असतो, सुरुवात आणि शेवट असतो. आणि कुठे कच्चा लेखक आपल्या पात्राला खोलीत कोंडून स्वतःच बोलू लागला आहे, हे ओळखण्याचा थोडा सराव माझ्यासारख्याला असतो. तेवढ्याच अधिकारावर हा लेख लिहीत आहे.

तो लिहिण्याला एक खाजगी कारणही आहे. २०१२ साली त्याच भागातल्या एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत मी बोललो होतो. विषय होता साहित्य आणि माती. बोलण्याच्या भरात मी परदेशी विषारी बियाण्याने आमची माती कशी नासवली, याचे एक चांगले दहा मिनिटांचे चित्र रंगवले. टाळ्या पडल्या. रात्री जेवणे झाल्यावर आतेभाऊ ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. तो म्हणाला, ''बापू, तू लय चांगलं बोलला. मले रडू आलं. पन एक सांग, मी ते बी सात-आठ वर्सं झाले पेरून राहिलो. मी येडा हाओ काय?''

ह्या प्रश्नाला माझ्या व्याख्यानात उत्तर नव्हते. त्यात शेतकरी होता खरा; पण तो नुसता फसत होता. फसणाऱ्या माणसाला लेखकाने एकदा का अश्रू वाहिले, की त्याला अक्कल द्यायची राहून जाते. दादाला ते झोंबले, आणि बरोबरच झोंबले.

आता ज्यांना ह्या बियाण्याची कुळकथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला एक जिवाणू. १९०१ साली जपानात रेशमाच्या किड्यांच्या रोगात तो आढळला. १९११ साली जर्मनीत थुरिंगिया प्रांतातल्या पिठातल्या पतंगाच्या अळीत तो पुन्हा सापडला आणि त्या प्रांताचे नाव त्याला चिकटले. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. ते ठराविक जातीच्या अळ्यांच्या पोटात गेले की त्यांच्या आतड्याला भोके पडतात आणि त्या मरतात. हे प्रथिन बनविण्याची जनुकातली कृती जिवाणूपासून उचलून कपाशीत घातली, की कपाशीचे झाडच आपल्यापुरते औषध बनवू लागते. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको आणि अमेरिकेच्या मोन्सँटो ह्या कंपन्यांच्या तीन संकरित वाणांना भारत सरकारने परवानगी दिली. त्याच्या आदल्या वर्षीच गुजरातेत 'नवभारत १५१' ह्या नावाने हेच जनुक विनापरवाना शेतात जाऊन पोहोचले होते. आपल्याकडे कायदा बैलगाडीने येतो आणि बी मोटारसायकलवरून, ही गंमत पुढेही चालूच राहिली.

ह्या बियाण्याच्या दोन कहाण्या प्रचलित आहेत. कहाणी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. श्रावणात आपल्या घरांतून ज्या कहाण्या वाचल्या जातात, त्यांच्यात वसा घेणाऱ्याला वैभव येते आणि वसा टाकणाऱ्यावर कोप होतो. मधले काही नसते. बीटी कापसाच्या कहाण्याही अशाच आहेत.

पहिली वैभवाची. ती अशी सांगतात: २००२-०३ मध्ये देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस पिकला होता, २०१३-१४ मध्ये तो ३९८ लाख गाठींच्या घरात गेला. हेक्टरी तीनशे किलो रुई होत होती ती २००७-०८ पर्यंत साडेपाचशेवर गेली. कापूस आयात करणारा देश निर्यात करू लागला. आकडे खरे आहेत. नुसत्या आकड्यांवर भरवसा नसेल तर २०१२ साली प्रसिद्ध झालेला काठागे आणि काइम ह्यांचा अभ्यास आहे. त्यांनी २००२ ते २००८ ह्या काळात तीच ती शेतकरी कुटुंबे पुन्हा पुन्हा पाहिली आणि बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी व कापसावरचा नफा ५० टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष काढला. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकन बोंडअळीने कपाशीची काय दैना केली होती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. एका हंगामात दहा-दहा, पंधरा-पंधरा फवारण्या करूनही अळी मरत नव्हती. दादाच्या शब्दांत, ती औषधाने आंघोळ करून पुन्हा पानावर बसायची. तिचा जोर बीटीने मोडला. हे श्रेय नाकारणाऱ्याने एकदा फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन भाद्रपदातल्या उन्हात पाच एकर चालून यावे.

मग ह्या कहाणीत खोट कुठे आहे? खोट अशी, की तिच्यात जे काही चांगले घडते ते सारे एका पाकिटामुळे घडते. पण ह्याच वर्षांत गुजरातेत पाण्याच्या सोयी वाढल्या, बियाण्याला आधीच औषध चोळण्याची पद्धत आली, नवी कीटकनाशके आली, रासायनिक खताचा वापर भराभर चढला आणि पाऊसपाणीही बरे झाले. उत्पादनाची पहिली मोठी उडी २००४ च्या हंगामापर्यंत दिसून येते. त्या वेळी अधिकृत बीटीखालचे क्षेत्र दहा टक्क्यांच्याही आत होते. चोरून पेरलेले किती, त्याची मोजदाद कागदावर नाही, हे मान्य. पण पुढे क्षेत्र नव्वद टक्क्यांच्या वर गेल्यावर उत्पादन आणखी चढायला हवे होते. ते तिथेच थबकले आणि मग उतरू लागले. केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० साली हा सारा हिशोब मांडला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालकपद क्रांतींनी भूषविलेले आहे, म्हणजे ते कुठल्या मोर्चातले गृहस्थ नव्हेत. त्यांचा निर्वाळा असा, की कापूस उत्पादक आज कीटकनाशकांवर बीटी येण्यापूर्वीपेक्षा अधिक खर्च करीत आहे. गंमत म्हणजे वैभवाची कहाणी सांगणारे बहुधा २००७-०८ किंवा २०१३-१४ ह्याच वर्षी पोथी मिटतात. कादंबरीकाराने नायकाचे लग्न लावून पुस्तक संपवावे, तसे.

दुसरी कहाणी कोपाची. हिचा लेखक अधिक प्रतिभावान आहे यात संशय नाही. १९९८ साली अमेरिकेत एका तंत्राचे पेटंट दिले गेले. त्यायोगे पिकाचे बी पुन्हा उगवणारच नाही अशी सोय करता येणार होती. 'टर्मिनेटर' ह्या सिनेमातल्या नावाने ते जगभर बदनाम झाले. त्याच वर्षी कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने चाचणीची कपाशी उपटून जाळली. तेव्हापासून 'निर्वंश बी' ही प्रतिमा आपल्या लेखनात जी शिरली ती आजतागायत निघालेली नाही. माझ्याही व्याख्यानात ती होतीच. वस्तुस्थिती ही, की हे तंत्र जगात कुठेही बाजारात आले नाही. १९९९ साली मोन्सँटोने ते वापरणार नाही असे जाहीर केले. बीटी कपाशीची सरकी पेरली तर उगवते. ती पहिल्यासारखी पिकत नाही, एवढेच. आणि ते ती बीटी आहे म्हणून नव्हे तर संकरित आहे म्हणून. संकरित कपाशी आपल्याला नवी नाही. सुरतेच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा वाण काढला तो १९७० साली. जगातला तो पहिला व्यापारी संकरित कापूस. म्हणजे दरसाल बी विकत घेण्याची पद्धत कुठल्या परदेशी राक्षसाने आणली नाही. ती आपण आपल्या हाताने आणि अभिमानाने आणली.

ह्या कहाणीचा सर्वांत दुःखद अध्याय आत्महत्यांचा. त्याविषयी लिहिताना हात जड होतो. वारंगळ भागात कापसाच्या शेतकऱ्यांनी १९९७-९८ मध्ये जीव दिले, विदर्भात त्याच दशकात हे सत्र सुरू झाले. तेव्हा बीटीचे नावही कोणी ऐकले नव्हते. पुढे बीटीचे क्षेत्र शून्यावरून नव्वद टक्क्यांवर गेले, पण देशातला आत्महत्यांचा आकडा त्या प्रमाणात चढला नाही. कर्ज, भाव, कोरडवाहू जमीन, दवाखान्याचा खर्च, मुलीचे लग्न, सावकार, हे सारे त्या मरणामागे असते. ह्यांतल्या प्रत्येकाला बाजूला सारून एकट्या बियाण्याला फासावर चढवले की बाकीचे सारे निर्दोष सुटतात. कोपाच्या कहाणीचा मला सर्वांत मोठा राग आहे तो ह्यासाठी. तिच्यात भाव पाडणारे धोरण सुटले, वेळेवर कर्ज न देणारी व्यवस्था सुटली, आणि पावसाच्या भरवशावर चाळीस लाख हेक्टर कपाशी लावणारा महाराष्ट्र म्हणून आपण सारेही सुटलो.

दोन्ही कहाण्यांत एक मजेदार साम्य आहे. पहिलीत बी सर्व काही करते, दुसरीतही बी सर्व काही करते. माणूस एकीत लाभार्थी, दुसरीत बळी. आणि ज्या प्राण्यासाठी हा सगळा खटाटोप, ती अळी दोन्हींतून गायब! नाटकात ज्याच्यामुळे पाचही अंक घडतात ते पात्र रंगभूमीवर येऊच नये, असा हा प्रकार आहे.

म्हणून मला वाटते, थोडा वेळ आपण अळीकडे पाहावे.

गुलाबी बोंडअळी ही बोटाच्या पेरापेक्षाही लहान असते. अंड्यातून बाहेर पडताच ती कळीत किंवा कोवळ्या बोंडात शिरते. तिने पाडलेले छिद्र बोंड वाढले की बुजून जाते. मग ती आत आहे हे बाहेरून कळत नाही. कळीत शिरली तर फूल नीट उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. पाहणाऱ्याला ते सुंदर दिसावे आणि जाणणाऱ्याच्या पोटात गोळा यावा, अशी ती वस्तू आहे. अमेरिकन बोंडअळी हरभऱ्यावर जाते, तुरीवर जाते, टोमॅटोवर जाते. तिला कपाशी नसली तरी चालते. गुलाबी अळीचा संसार बहुतेक सगळा कपाशीवरच. हा फरक किरकोळ वाटतो. पण साऱ्या कथानकाची मेख त्यात आहे. जिला दुसरे घरच नाही तिने तेच घर राहण्याजोगे करून घेतले.

शास्त्रज्ञांना ह्याची कल्पना नव्हती असे नाही. म्हणून तर बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची दुसरी पुडी दिली जाई, बिगरबीटी कपाशीची. शेताच्या कडेने निदान पाच ओळी, किंवा क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यांतले जे अधिक असेल तेवढे हे साधे बी लावायचे. तिथे अळ्या सुखाने वाढू द्यायच्या. कारण बीटी खाऊनही एखादी अळी जगलीच, तर तिच्या पतंगाला जोडीदार ह्या साध्या ओळींतला मिळावा आणि त्यांच्या पोरांत ती ताकद फिकी पडावी. युक्ती नामी होती. फक्त ती पार पाडायला एका अटीची गरज होती: तीन एकरवाल्याने शेताचा पाचवा हिस्सा अळ्यांना दान द्यावा. ती पुडी बहुतेकांनी बांधावर फेकली. पुढे साधे बी मुख्य पाकिटातच मिसळून देण्याची परवानगी मिळाली. पण तोवर अळी शहाणी झाली होती.

दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे बीटी कपाशी मुख्यतः सरळ वाणांत दिली गेली. भारतात मात्र ती जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांत आली. सरळ वाणाच्या प्रत्येक सरकीत बीटीचे जनुक असते. संकरित झाडाच्या बोंडात मात्र चारांतल्या एका सरकीत ते नसते. म्हणजे एकाच बोंडात तीन खोल्यांत विष आणि चौथीत पंगत! गुलाबी अळी सरकीच खाते. कमी-जास्त मात्रेत विष चाटत चाटत पचवायला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा कोणी काढली नसती.

आणि तिसरी गोष्ट वेळेची. संकरित बी महाग, म्हणून झाडे विरळ लावायची. झाड मोठे होते आणि सहा-सहा महिने उभे राहते. त्यावर दिवाळीनंतर पाणी मिळाले, भाव बरा असला, की शेतकरी फरदड घेतो. कपाशी मार्चपर्यंत शेतात. इतर देशांत आखूड मुदतीची कपाशी दाटीने लावतात, पाच महिन्यांत शेत मोकळे करतात; अळीला उपाशी राहण्याचे महिने मिळतात. आपण तिला बारमाही खानावळ उघडून दिली. २००९ च्या सुमारास गुजरातेत ती पहिल्या बीटीला दाद देईनाशी झाली. त्याआधीच, २००६ साली, दोन जनुकांचे दुसरे बीटी बाजारात आले होते. तेही तिने पुढच्या आठ-नऊ वर्षांत जिरवले. २०१७ साली ती विदर्भ-मराठवाड्यात अशी काही पसरली की लोकांनी उभ्या कपाशीत नांगर घातले.

मग आपण संकरितच का घेतले? ह्याचे उत्तर कोणत्याच कहाणीत नाही. संकरित बी दरसाल विकत घ्यावे लागते. ज्या देशात पेटंटचे कुलूप चालवणे अवघड, तिथे निसर्गाचे हे कुलूप कंपनीला आयते मिळते. पण दुसरी बाजूही आहे: शेतकऱ्याला संकरिताचे टपोरे बोंड आवडत होते, आणि बीटी येण्यापूर्वी तीस वर्षे तो ते लावत होता. सरकारी शास्त्रज्ञांनी सरळ वाणातले, घरचे बी ठेवता येईल असे 'बिकानेरी नरमा' हे बीटी काढले. त्यात कंपनीच्याच जनुकाची भेसळ निघाली आणि २००९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. त्या एका नामुष्कीवर स्वतंत्र कादंबरी होऊ शकेल. आणखी एक प्रकरण तर वातींशी नाते सांगणारे आहे. संकरित सरकी तयार करायला एकेका फुलातले पुंकेसर हाताने खुडावे लागतात, दुसऱ्या झाडाचे पराग हाताने लावावे लागतात. हे काम आंध्रात आणि गुजरातेत वर्षानुवर्षे लहान मुलामुलींकडून, विशेषतः मुलींकडून, करून घेतले गेले. कारण त्यांची बोटे बारीक. नव्या विज्ञानाच्या गुणगानात आणि जुन्या मातीच्या विलापात, दोन्हींत, त्या बोटांना एक ओळ मिळालेली मी पाहिली नाही.

इथे मला आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'ची आठवण होते. १९७१ साली निघालेल्या त्या कादंबरीत मालक ट्रॅक्टर आणतो आणि नारबा ह्या गड्याच्या भोवतीची जनावरे एकामागून एक जातात. विषय आमच्या विषयासारखाच, नवे यंत्र आणि जुने शेत. पण यादवांनी ट्रॅक्टरला राक्षस केलेले नाही आणि देवही केलेले नाही. त्यांनी ट्रॅक्टरकडे फारसे पाहिलेच नाही. ते पाहतात नारबाकडे, एकेका जनावराकडे. यंत्र आल्यावर नेमके काय नाहीसे होते, हे आपल्याला त्यामुळे कळते. बीटीवरच्या मराठी लेखनाने ही दृष्टी घेतली असती तर डोमकळी, फरदड, बिगरबीटीची पुडी हे शब्द आज पुण्या-मुंबईच्या वाचकालाही ठाऊक असते. आम्हा समीक्षकांचाही यात दोष आहे. ग्रामीण साहित्य म्हटले की आम्ही बोली मोजतो, बैल मोजतो. बियाण्याच्या दुकानात काय चालते तिकडे आमचे लक्ष जात नाही.

शहरी वाचकाला वाटते, हा आपल्याच देशाचा घोळ असावा. तसे नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो ह्या गरीब देशाने २००८ साली बीटी कापूस घेतला. अळी मेली, उत्पादन वाढले. पण त्या कापसाचा धागा आखूड भरू लागला. ज्या लांब धाग्यावर त्या देशाच्या कापसाला बाजारात मान होता, तोच गेला. २०१६ पर्यंत त्यांनी ते बी सोडून दिले. त्यात ना विषाची कथा, ना आत्महत्येची. फक्त धाग्याची लांबी. उलट बांगलादेशाने २०१४ साली सरकारी संस्थेचे बीटी वांगे शेतकऱ्यांना दिले, ते सरळ वाणात. घरचे बी धरायला तिथे आडकाठी नाही. आपल्याकडे हेच जनुक घातलेले वांगे २०१० साली जयराम रमेश यांनी सात शहरांत सुनावण्या घेऊन थांबविले; त्यांतली एक नागपूरला झाली होती. म्हणजे जनुक एकच; पण ते कोणत्या वाणात, कोणाच्या मालकीचे, कोणत्या पावसाखाली, यावर कथानक पार बदलते. आणि आम्ही मात्र 'जीएम चांगले की वाईट' ह्या वादविवादस्पर्धेच्या विषयापुढे सरकत नाही.

२०१७ च्या त्या पावसाळ्याविषयी लिहायचे टाळत होतो. पण टाळून चालणार नाही. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. कित्येकांच्या दृष्टीला इजा झाली. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर मारावा तर तो अंगावरच पडे. जे बी फवारणी थांबवण्यासाठी आले, त्याच्याच शेतात हे घडले. मेलेल्यांत बरेच जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारे होते. बियाण्याचा फायदा-तोटा मोजणाऱ्या तक्त्यांत शेतमालकाचा रकाना असतो. रोजाने पंप उचलणाऱ्याचा नसतो.

दोन वर्षांनी, जून २०१९ मध्ये, अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी तणनाशक सहन करणारी, परवानगी नसलेली कपाशी उघडपणे पेरली. पाच वर्षांच्या कैदेची तरतूद असलेला कायदा त्यांनी जाणूनबुजून मोडला. कोपाच्या कहाणीला हे दृश्य पचत नाही, कारण तिथे शेतकरी फसतच असायला हवा. वैभवाच्या कहाणीला ते फार आवडते. पण त्या पेरणीचे कारण निंदणाची मजुरी परवडत नाही हे होते, आणि ती मजुरी ज्यांच्या पदरात पडत होती त्या बायांचे पुढे काय, हा प्रश्न तिलाही आवडत नाही. मला विचाराल तर पेरणारा मूर्ख नव्हता आणि निंदणारीही फुकट खात नव्हती. दोघांचे हित एकाच ओळीत बसत नाही, म्हणून तर त्यावर लिहायला लेखक लागतो.

२०१२ च्या त्या रात्री मी दादाला काय उत्तर दिले, ते सांगायचे राहिले. मी त्यालाच उलट विचारले, की तू ते बी का पेरलेस? तो म्हणाला, पहिल्या चार वर्षांत फवारणीचा पैसा वाचला, त्यातून विहिरीवर मोटर बसली. आता पुन्हा फवारणी वाढून राहिली, पण आता दुकानात दुसरे बी मिळतच नाही. देशी कपाशीचे बी घरात होते ते कधी संपले, हे त्याला आठवत नव्हते. आत्याबाईंच्या उतरंडीत असायचे, एवढेच त्याला सांगता आले. मग तो उठला आणि आतून एक रिकामे पाकीट व त्यातले घडी घातलेले पत्रक घेऊन आला.

''तू वाचनारा मानूस,'' तो म्हणाला, ''हे वाचून दाव.''

पत्रक पाच-सहा भाषांत होते. अक्षर इतके बारीक की मला चष्मा पुसून कंदिलाशी जावे लागले. वीज नेहमीप्रमाणे गेली होती. मराठी मजकूर कुणीतरी इंग्रजीवरून ओढूनताणून उतरवलेला होता. तीस वर्षे मी भाषांतरांची परीक्षणे लिहिली. पण ज्या मजकुरावर एका घराचे वर्ष अवलंबून आहे असे भाषांतर माझ्या हातात प्रथमच येत होते. मी अडखळत ते पाच ओळींचे कलम वाचले, मग माझ्या शब्दांत समजावून सांगितले. साध्या बियाच्या ओळी कशासाठी, जोडीदार पतंग कसा, सारे. दादाने नीट ऐकून घेतले. सुपारीचे खांड तोंडात टाकले.

''म्हन्जे माह्या ह्या पाच ओळी साऱ्या गावाच्या कपाशीसाठी,'' तो म्हणाला.

''हो.''

''अन् त्या पाच ओळीत जे पिकनार नाही, ते मले कोन देनार? हे लिवलं हाय काय त्याच्यात?''

मी पत्रक पुन्हा उलटून पाहिले. दोन्ही बाजूंनी पाहिले. ते त्यात नव्हते.